आजीच्या आठवणी आणि एक फ्लॉपी

२००२ सालच्या उन्हाळी सुट्टीत वसतिगृहातील मुलांना मी एक काम दिले होते. घरी गेल्यावर आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारायचे आणि ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचे. जूनमध्ये एक्केचाळीस वह्या जमा झाल्या. शाळेला देणगीदाखल मिळालेल्या पेंटियम संगणकावर आम्ही दोघा शिक्षकांनी रात्री जागून त्या टंकलिखित केल्या आणि वह्या मुलांना परत दिल्या. पुढे तो संगणक सुरू होईनासा झाला व अडगळीच्या खोलीत गेला.

या स्मरणिकेचे काम हाती घेतले तेव्हा त्या आठवणींची आठवण झाली. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. त्यांत आपली माणसे येतात ती बहुधा दुसऱ्याने केलेल्या नोंदींत. स्वतः बोलताना ती क्वचितच भेटतात. इथे मात्र यवत, केडगाव, पाटसच्या आज्या स्वतः बोलत होत्या. त्यांपैकी बहुतेक जणी आज हयात नाहीत.

महामार्गालगत संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणारा आपला एक माजी विद्यार्थी निरोप मिळताच आला. पेटी उघडून म्हणाला, “जय भीम, सर. डिस्क जिवंत आहे. विंडोज ९८ तेवढी मोडली आहे.” त्याने सर्वप्रथम ती डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली व तिची संपूर्ण प्रत करून घेतली. मी निश्चिंत झालो, तो व्यर्थ. फायली उघडल्या, पण पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा नुसता कचरा! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून असली, तरी विंडोजमध्ये मराठीची सोय विंडोज २००० पासून झाली. तोवर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट वापरत, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. आमच्या फॉन्टचे बिनचूक रूपांतर करणारे साधन त्याला मिळाले नाही. मूळ मराठी प्रणाली चालण्यासाठी प्रिंटरच्या खाचेत तिचे ‘लॉक’ बसवावे लागे. ते लॉक होते, पण नव्या संगणकाला ती खाचच नव्हती. तीनशे वर्षांपूर्वीची मोडी वाचणारे लोक पुण्यात आहेत, आणि मला स्वतः टंकलेली मराठी वाचता येईना!

म्हणजे जुना संगणकच उभा करणे आले. विंडोज ९८ ची मूळ सीडी वेष्टनावरील क्रमांकासह कपाटात सापडली. परंतु हा संगणक इतका जुना, की तो सीडीवरून सुरू होत नाही. पेन ड्राइव्ह तर त्याला ठाऊकच नाही. त्याला सुरुवातीची फ्लॉपी हवी. सोबत आलेल्या फ्लॉपीवर बुरशी चढली होती. ती तशीच आत घातली असती तर ड्राइव्हचे वाचनमुखही खराब झाले असते.

पुण्याच्या जुन्या बाजारातून तो दहा फ्लॉप्यांची धूळ बसलेली पेटी घेऊन आला. मी भाबडेपणाने विचारले, “फायली कॉपी केल्या की झाले ना?” तो हसला. “सर, संगणक सुरू होताना फायली शोधत नाही. तो फ्लॉपीचा अगदी पहिला कप्पा वाचतो, ५१२ बाइटचा. पुढे काय करायचे ते त्यात लिहिलेले असते. साध्या कॉपीत तो कप्पा येत नाही.” म्हणून फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी नक्कल, उतरवावी लागते. दोन बाजू, प्रत्येकीवर ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळात १८ कप्पे. एकूण २,८८० कप्पे आणि १४,७४,५६० बाइट. आजच्या मोबाइलमधील एक छायाचित्रही त्यात मावत नाही.

यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह कर्रकर्र आवाज करीत लिहू लागला. पहिली फ्लॉपी मध्यावर अडकली. दुसरी पूर्ण झाली. पण लिहिलेले परत वाचून मूळ प्रतिमेशी ताडले, तर जुळेना. लिहिले गेले यावर विश्वास न ठेवता ते पुन्हा वाचून पाहण्याची ही रीत मला फार आवडली. आमच्या विषयात तिला साधनचिकित्सा म्हणतात आणि विद्यार्थी तिचा कंटाळा करतात. सहावी फ्लॉपी जुळली. त्याने तिच्या कोपऱ्यातील बारीक खिटी सरकवून छिद्र उघडे केले, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाऊ नये.

जुन्या संगणकात ती घातली आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. फ्लॉपीने सीडी ड्राइव्हला जागे केले. येथे एका आज्ञेने डिस्क कोरी करता येते, आणि दुरुस्तीवाले बहुधा तेच करतात. त्याने तसे केले नाही. जुन्याच फोल्डरवर विंडोज पुन्हा बसवली, त्यामुळे मराठी प्रणाली जागच्या जागी राहिली. ‘लॉक’ लावले. पहिली फाइल उघडली ती पाटसच्या एका आजींची: त्यांच्या भावाला शाळेत दाराबाहेर बसवत, आणि त्या त्याची पाटी धरून आणखी बाहेर उभ्या राहत.

अडतीस आठवणी वाचता आल्या. त्या युनिकोडमध्ये नव्याने टंकून याच स्मरणिकेत पुढे दिल्या आहेत. तीन फायली डिस्कच्या खराब भागात गेल्या. त्यांची नावे यादीत आहेत, मजकूर नाही. २००२ च्या उन्हाळ्यात ज्यांनी लिहून आणले होते, त्यांनी यादी पाहावी आणि आपली जुनी वही घरात कोठे असेल तर कृपया कार्यालयात आणून द्यावी. फ्लॉपी व तिची आणखी एक नक्कल कार्यालयाच्या कपाटात, चुंबकापासून दूर, कोरड्या डब्यात ठेवली आहे.