पिशवीचा खांदा

पान अकरा. पहिल्या चौकटीत सुमनची चामडी पिशवी डाव्या खांद्यावर आहे, तिसऱ्या चौकटीत उजव्या. मधल्या चौकटीत ती एका आजोबांना सुटे पैसे परत देतेय, बास. पिशवीनं खांदा कधी बदलला ते सुमनला ठाऊक नाही, मलाही नाही. चूक पकडली लेकीनं. पोहे खाता खाता, चमच्यानंच दाखवून.

"आई, हिची पर्स इकडची तिकडे कशी गेली?"

"पर्स नाही गं ती, कंडक्टरची पिशवी."

मुद्दा तो नव्हता, हे दोघींनाही कळत होतं.

सुमन ही माझ्या कॉमिकची नायिका. वस्तीच्या एसटीवरची कंडक्टर. शेवटच्या गावी गाडी रात्री मुक्कामाला थांबते, पहाटे परत निघते. त्या एका रात्रीची गोष्ट चाळीस पानांत सांगायची, असा बेत आहे. सुरुवात केली त्याला तीन वर्षं झाली. कुणी विचारलं, की मी "चाललंय" म्हणते. चाळिशी उलटलेल्या बाईनं 'मी कॉमिक काढते' म्हटलं, की समोरचा आधी मुलांची वयं विचारतो.

दिवसा मी बँकेत कर्जाच्या फायली बघते. डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलला बसायला मिळालं, म्हणजे चौथी सीट, अर्धी मांडी हवेत, तर छोट्या वहीत कच्ची चित्रं काढते. झोपलेल्या बायकांसारखं मॉडेल नाही. तोंड उघडं, मान एका बाजूला, पर्स पोटाशी घट्ट. ठाणं जवळ आलं, की तिथं उतरणाऱ्या जाग्या होतात आणि मॉडेल उठून दाराशी जातं. माझ्या वहीत अर्ध्या चेहऱ्यांची केवढी तरी वस्ती आहे.

शाईचं काम रात्री, जेवणाच्या टेबलावर. आधी ओटा आवरायचा, दुसऱ्या दिवशीची गवार निवडायची, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायच्या. मग टेबल दोनदा पुसायचं, कारण ओला डाग एकदा पुसून दिसत नाही, कागद ठेवल्यावरच दिसतो. कार्ट्रिज पेपर टेपनं चिकटवला, वॉटरप्रूफ शाईची बाटली उघडली, की साडेदहा होऊन गेलेले असतात. हाती पाऊण तास. त्यातली पहिली पंधरा मिनिटं, दिवसभर माउस धरून आखडलेला हात सैल व्हायलाच जातात.

वेळ मिळत नाही, ही तक्रार आता मी करत नाही. ती सगळ्यांचीच असते. माझी अडचण वेगळी आहे. पान अकरावर गोष्टीतली जेमतेम दोन मिनिटं जातात, आणि माझ्या घरी त्याच पानावर गणपतीपासून संक्रांतीपर्यंतचे दिवस गेले. पहिली चौकट गौरीच्या सुट्टीतली. रेघ ठसठशीत, सुमनचं नाक सरळ. दुसरी सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची. दर चार तासांनी डोळ्यांत थेंब घालायचे होते, आणि आजोबांच्या हाताची रेघ मधेमधे तुटली आहे. लोकांना तो म्हाताऱ्याचा थरथरता हात वाटेल. वाटू दे. तिसरीच्या कोपऱ्यात हळदीचं बोट आहे. चौथीत ओल्या शाईत एक तीळ पडला होता. तो उचलला, पण त्याच्याएवढा पांढरा ठिपका सुमनच्या काळ्या केसांत राहिला. आणि नाक म्हणाल तर तोवर चांगलंच बसकं झालेलं. वाचणारा पान दहा सेकंदांत उलटणार, त्याला एकच बाई दिसायला हवी. मला चार दिसतात, चारही दमलेल्या.

त्यात आपली लिपी. इंग्रजी कॉमिकात बहुधा सगळी कॅपिटल अक्षरं, एका उंचीची. विटांसारखी रचत जायचं. आपल्याकडे अक्षराला माळाही आहे आणि तळघरही. 'गर्दीतून' एवढा एक शब्द फुग्यात बसवून बघा: वर रफार आणि वेलांटी, खाली ऊकार. दोन ओळींमध्ये जागा सोडली नाही, तर वरचा उकार खालच्या वेलांटीच्या डोक्यावर बसतो. पहिल्या दोन पानांवर मी आधी फुगे काढले आणि मग शब्द कोंबले. आता आधी शब्द लिहिते, त्यांच्याभोवती फुगा काढते, उरलेल्या जागेत माणसं. त्यामुळे बडबडी माणसं माझ्या कॉमिकात खुजी होतात. व्यंगचित्रकार शि. द. फडणिसांचा मला फार हेवा वाटतो. त्यांच्या चित्रातली उंदरांच्या साडीतली ती, मांजरांच्या शर्टातला तो. शब्द एकही नाही, वेलांटी कुठं बसवू हा प्रश्नच नाही.

आवाजांच्या बाबतीत मात्र मराठी दिलदार आहे. एसटीची काच खडखडते, पत्रा थडथडतो, ब्रेक कचकन लागतो, दार धाडकन आपटतं. एक घंटी थांबायची, दोन घंट्या निघायच्या. एकेका आवाजाला हक्काचा शब्द तयार असतो, नुसता चौकटीत ठेवायचा.

अमेरिकेत हार्वी पीकर नावाचा माणूस होता. क्लीव्हलंडच्या, माजी सैनिकांच्या इस्पितळात फायली लावणारा कारकून. १९७६ पासून त्यानं 'अमेरिकन स्प्लेंडर' नावाचं कॉमिक काढलं. विषय काय, तर स्वतःचीच नोकरी, दुकानातली रांग, हरवलेल्या वस्तू. नाव झालं, टीव्हीवर झळकला, तरी २००१ मध्ये निवृत्त होईपर्यंत फायली लावतच राहिला. हे वाचलं तेव्हा मला फार आधार वाटला. पुढं वाचलं, की त्याला चित्रं काढता येत नव्हती. तो काड्यांची माणसं काढून संवाद लिहायचा आणि रॉबर्ट क्रम्बसारखे चित्रकार पानं रंगवायचे. आधार जरा पातळ झाला. पिशवीचा खांदा चुकला, तर त्याला निदान दुसऱ्याला बोल लावता येत असणार.

तर पिशवी. पांढरा रंग लावून तिसरी चौकट दुरुस्त करावी, तर हळदीच्या डागाशेजारी तो थापल्यासारखा दिसणार. मी कागद खिडकीशी धरून बघत होते. सासूबाई चहा घेत बसल्या होत्या. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला सुटली; त्यानंतर काही वर्षांतच त्यांचे वडील कंडक्टर झाले. सुमनची गोष्ट मुळात त्यांच्याच गप्पांतून निघालेली.

"काय झालं?"

सांगितलं. त्यांनी नव्या डोळ्यानं कागद जवळून पाहिला, मग लांबून.

"अगं, मग चुकलं काय? चिल्लरीचं वजन असतं ते. घाट चढेपर्यंत एक खांदा भरून येतो. आमचे दादा असे करायचे." त्या उठल्या, भाजीची पिशवी खांद्याला अडकवली, पट्ट्याखाली अंगठा घातला, मान झुकवून पट्टा डोक्यावरून पलीकडे काढला आणि मोकळा झालेला खांदा कानापर्यंत उचलून सोडला. पिशवीतून एक लिंबू पडलं, टेबलाखाली गेलं.

"परत करा ना एकदा, आई. हळू."

त्यांनी परत केलं. पोह्यांच्या बशीशेजारी, दूधवाल्याच्या हिशेबाच्या कागदामागं मी चार रेघांत ते उतरवलं. लेक म्हणाली, आता बस चुकणार. सव्वासात झाले होते, गवार फोडणीला टाकायची होती.

पानावर पाचव्या चौकटीला जागा नाही. आजोबांना आता अर्ध्याच चौकटीत सुटे पैसे घ्यावे लागतील.