सांध्याचा कागद

स्नेहलतागंजातील आमच्या माडीवर आगगाडीची शीळ ऐकू आली की आम्हांस खांडवा आठवते. तुकोजीराव होळकरांनी, म्हणजे दुसऱ्यांनी, रेल्वे इंदुरास यावी म्हणून इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. गाडी आली, पण मीटर रुळांची. खांडव्याचा मुंबईचा मार्ग १६७६ मिलिमीटर रुंदीचा, म्हणून तेथे सारे सामान उतरवून पुन्हा चढवावे लागे. दोन्ही मार्ग आपापल्या परीने निर्दोषच होते.

आमच्या देवळाच्या पालखीची कथा याहून निराळी नाही. दांडा येथील सुताराने घडविला. त्याच्या टोकांच्या चांदीच्या खोळी कोकणातील कारागिराकडे दिल्या. पत्रव्यवहार आमच्याकडे होता. ‘व्यास साडेतीन इंच’ एवढे कळवून आम्ही निश्चिंत झालो. कारागिराने तो खोळीचा बाहेरचा व्यास धरला. उत्सवाच्या आदल्या रात्री खोळ काही केल्या दांड्यावर चढेना. सुतार लाकूड तासू देईना, आणि ताणावी तर नक्षी फाटणार! ती चांदी एका वृद्ध आजींनी आपले पैंजण मोडून दिली होती. सकाळी निघालेल्या जुन्या पालखीलाच त्यांनी हात जोडले. आम्हांस एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

१९९९ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे एक यान मंगळापाशी नष्ट झाले, तेही असेच. एका चमूची आज्ञावली आवेगाचे आकडे पौंडांच्या मापात देई, दुसरा चमू ते न्यूटनांचे समजे. फरक सुमारे साडेचार पटींचा. तेथे तर दोहोंमधील सांध्याचा कागद लिहिलेला होता व त्यात मेट्रिक मापेच सांगितली होती! पण त्याप्रमाणे कोणी पडताळले नाही.

आम्ही मग एकच पान लिहिले. माप आतले की बाहेरचे, रोगणापूर्वीचे की नंतरचे. पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडासाठी किती सैल ठेवावे. खिळा कोणी मारावा. बदल झाल्यास कोणी कोणास कळवावे. खाली सुताराची व कारागिराची सही घेतली, आणि पानासोबत दांड्याच्या टोकाचा लाकडी नमुनाही पाठविला. त्या नमुन्याची कल्पना सुताराची, आमची नव्हे.

यंदा खोळी बसल्या. आजींना आता देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत. पालखी त्यांच्या दारी थांबविली, तेव्हा त्यांनी प्रथम देवास नमस्कार केला आणि मग चांदीवरून हळूच हात फिरविला.