वेल्ह्याचं घर, पडद्यावर

आज स्केचअप या संगणकावर घराचं चित्र उभारणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेल्ह्याच्या जुन्या घराचा आराखडा पुन्हा उघडला. आधी जागा आणि उत्तर दिशा पक्की केली. ती चुकली की सगळ्या सावल्या खोट्या. भोर-वेल्हे साधारण 18 अंश अक्षांशावर. डिसेंबरात भरदुपारी सूर्य दक्षिणेला 48 अंशांवर असतो, जूनमध्ये मात्र डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कलतो. पण इथं जूनचं ऊन ढगातच जातं. घर बांधायचं ते पावसाला विचारून. पश्चिमेची झड पडद्यावर दिसत नाही, म्हणून वळचण तीन फूट पुढे काढली, पडवी रुंद केली. आराखड्यात जुन्या भिंतींची जाडी मात्र टेपनं मोजूनच भरावी, अंदाजानं नाही.

संध्याकाळी आईला चित्र दाखवलं. तिनं विचारलं, “भाताची कणगी कुठं ठेवायची?” माजघर दोन फुटांनी वाढवलं.