मध्य साधणें

शब्दकोशांत शब्द हुडकतांना आपण मधलें पान उघडतों आणि नको तो अर्धा भाग सोडून देतों. याच रीतीनें १०,००,००० क्रमवार नोंदींतून हवी ती २० पाहण्यांत सांपडते. प्रोग्रामिंगच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्या माझ्या मुलीनें ही कृति मला लिहावयास सांगितली. ३० वर्षें इतरांच्या उत्तरपत्रिका तपासणारा मी. ऐटीनें लिहून दिली. मोठ्या संख्या येतांच संगणकानें मला नापास केलें!

दोन टोकांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पलीकडे गेली, कीं ३२ बिटांत ती मावत नाहीं. उलटून ऋण होते. जावा या संगणकभाषेच्या अधिकृत प्रोग्रामांतही हीच चूक सुमारें नऊ वर्षें दडून होती. २००६ सालीं ती उघड झाली. उपाय सोपा : टोकांमधील अंतराचें अर्ध खालच्या टोकांत मिळवावें.

मुलगी हंसली नाहीं. "बाबा, पुन्हां लिहा," एवढेंच म्हणाली. नापास विद्यार्थ्याला मीं असें कधीं म्हटलें होतें?