हृदयक्रिया बंद पडून

निधनवार्तांच्या मराठीत काही वाक्ये इतकी मुरलेली असतात की ती कोणी वाचतच नाही. 'हृदयक्रिया बंद पडून निधन झाले' हे त्यांपैकी एक. भाषेच्या अध्यापकाला त्यात प्रथम पुनरुक्ती दिसते. हृदयक्रिया बंद पडल्यावाचून कोणाचे निधन होते? मरणाचे कारण म्हणून मरणच पुन्हा सांगितलेले असते. वृत्तपत्राच्या कोपऱ्यात हे खपून जाते. 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' असा इंग्रजी पोशाख करून हेच वाक्य रुग्णालयाच्या दाखल्यावर उतरते, तेव्हा मात्र ते खपू नये.

रुग्णालयातील मृत्यूचे कारण डॉक्टरांनी ज्यावर नोंदवायचे, तो कागद म्हणजे 'नमुना ४'. हृदय बंद पडणे, अशक्तपणा अशी मरणाची रीत लिहू नये. ज्या रोगाने, इजेने वा गुंतागुंतीने मरण ओढवले ते लिहावे, अशी सूचना त्यावर छापलेलीच असते. मग एकाखाली एक ओळी: तात्कालिक कारण, ते कशामुळे उद्भवले, आणि त्याच्याही मुळाशी काय होते. घटनाक्रम आणि कथानक यांतला भेद आपण प्रथम वर्षाच्या वर्गात शिकवतो. नमुना ४ कथानक मागतो. बहुधा त्याला शेवटचा प्रसंग तेवढा मिळतो. तोही सर्वांच्या वाट्याला येत नाही. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांचे कारण वैद्यकीय दाखल्याने प्रमाणित झालेले होते.

येथे पोलिसी मराठीची आठवण होते. 'व्यावहारिक मराठी'च्या तासाला मरणोत्तर पंचनामा वाचून दाखवला की 'मयत इसम' या शब्दांना मुले हसतात. हसू द्यावे. पण त्या गद्यातले 'दिसून येते' हे क्रियापद मी त्यांना अधोरेखित करायला लावते. संशयास्पद वा आकस्मिक मृत्यूत परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पोलिसांनी मृत्यूचे सकृद्दर्शनी कारण नोंदवावे, असे कायदा सांगतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. जखम दिसली ती लिहिली, निश्चित कारणासाठी प्रेत शवविच्छेदनास पाठवले. आपल्याला किती कळले आणि कोठून पुढे कळत नाही, ही मर्यादा त्या गद्यात क्रियापदानेच सांभाळलेली असते. दाखल्यावर क्रियापद नसते. तेथे नुसते नाम, आणि खाली सही.

माझे मामा २०२४ च्या पावसाळ्यात गेले. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यावी लागते. ती मामींच्या हाती आली. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने वर सांगितलेले ते दोन इंग्रजी शब्द लिहिले होते. "अगं, पण हृदयाचं दुखणं त्यांना कधीच नव्हतं," मामी म्हणाल्या. विभागप्रमुख फेरीवर होते. त्यांनी प्रत हातात घेतली, केसपेपर मागवला, आणि त्या मुलाला एक शब्दही न बोलता शेजारी बसवून घेतले. दोघांनी पाने उलटली. मूळ दाखला अजून निबंधकाकडे गेलेला नव्हता. नवा लिहिला गेला तो खालून वर: वीस वर्षांचा मधुमेह, पायाची चिघळलेली जखम, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग.

"काकू, सुरुवात पायाच्या जखमेपासून झाली," ते म्हणाले.

मामी काही वेळ गप्प होत्या. त्या जखमेवर तीन आठवडे त्यांनीच हळद भरली होती. पहिला दाखला खोटा होता, पण दयाळू होता; दुसऱ्याने त्यांना ती हळद कायमची आठवत ठेवायला लावली. तरीही तोच हवा होता असे मला वाटते. मामींना विचाराल तर त्या अजूनही नक्की सांगू शकत नाहीत. त्यांच्या दोन्ही मुलांना मधुमेह आहे. आता ते रात्री पाय धुतल्यावर तळवे पाहतात.

न वाचलेली सही कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण इंग्लंडमधील हाइड गावचे आहे. हॅरॉल्ड शिपमन हा डॉक्टर आपल्याच रुग्णांना मारून त्यांचे दाखले स्वतः लिहीत असे. कॅथलीन ग्रंडी यांच्या मृत्यूचे कारण त्याने 'म्हातारपण' असे दिले. दहनासाठी दुसऱ्या डॉक्टरची सही लागे. ती वर्षानुवर्षे मिळत गेली. शेजारच्या दवाखान्यातील डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांना त्या अर्जांची संख्या खटकली आणि मार्च १९९८ मध्ये त्या कोरोनरकडे गेल्या. पोलिसांनी चौकशी उरकली. त्यानंतर त्याने आणखी तीन बायकांचा जीव घेतला, त्यांतल्या शेवटच्या ग्रंडी. जानेवारी २००० मध्ये तो पंधरा खुनांसाठी दोषी ठरला, आणि न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२ मध्ये बळींची संख्या २१५ असल्याचे सांगितले. इंग्लंड आणि वेल्समध्ये कोरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकाने तपासणे बंधनकारक झाले ते ९ सप्टेंबर २०२४ रोजी. दुसरी सही होती. दुसरा वाचक यायला एवढी वर्षे लागली.

त्या विभागप्रमुखांना मी नंतर एकदा भेटले. ते दर शनिवारी आठवड्यातील मृत्यूंचा आढावा घेतात आणि ज्याने दाखला लिहिला त्याला तो खालच्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लावतात. "तुमचंच काम करतो म्हणा," ते हसून म्हणाले. "आणि तुम्ही लिहिलेले कोण वाचतं?" मी विचारले. विभागातली सर्वांत नवी निवासी डॉक्टर, असे उत्तर आले. त्याच आठवड्यात तिने त्यांच्या एका दाखल्यातील मधल्या ओळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते.