मागच्या जिन्याचा माणूस

प्रत्येक राजवाड्याला दोन दारे असतात. दर्शनी दारातून वकील, सरदार आणि धर्माधिकारी येतात. त्यांच्या येण्याची वर्दी दिली जाते आणि पुढे तिचीच नोंद इतिहासात होते. मागच्या दाराने येणाऱ्यांची वर्दी कोणी देत नाही. माझे कुतूहल अशाच एका दाराशी उभ्या असलेल्या माणसापाशी पुन:पुन्हा जाऊन थांबते. त्याचे नाव विल्यम चिफिंच. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सचा खासगी सेवक.

चार्ल्सच्या पित्याचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाला होता. परागंदा झालेला पुत्र १६६० मध्ये परतला आणि राजसत्तेची पुन:स्थापना झाली. हा राजा आपल्याला अगदीच परका नाही. पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनशी झालेल्या विवाहाच्या करारात मुंबई त्याला आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंडांच्या खंडाने ती त्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. हा व्यवहार राजमुद्रेनिशी, दर्शनी दाराने झाला. त्याच वर्षी चिफिंचकडे शयनकक्षाच्या सेवकाचे आणि राजाच्या खासगी दालनाच्या रखवालदाराचे पद आले. दोन वर्षांपूर्वी वारलेला त्याचा भाऊ टॉमस याच सेवेत होता.

पद पाहिले तर हुजऱ्याचे; अधिकार मात्र मंत्र्यांनाही हेवा वाटावा असा. व्हाइटहॉलच्या मागच्या जिन्यापाशी त्याची खोली होती. राजाला जे उघडपणे भेटता येत नसे ते सारे या खोलीवरून जात. राजाच्या मर्जीतल्या स्त्रिया याच वाटेने आत जात. खबरे आणि कारस्थानी लोकही याच वाटेने. त्या काळाचा जाणकार रॉजर नॉर्थ या खोलीला हेरगिरीची कचेरीच म्हणतो. चिफिंच स्वत: भरपूर पिणारा, पाहुण्याला शुद्धीवर परत जाऊ द्यायचे नाही आणि त्याच्या सैल झालेल्या जिभेवरून मनातले काढून घ्यायचे, ही त्याची रीत. अशा माणसाला आपल्याकडे कोणी भला म्हणणार नाही. तिकडेही म्हटले नाही. सर वॉल्टर स्कॉटने पुढे आपल्या कादंबरीत त्याला आणले, तेही राजाच्या विलासांचा पुरवठादार म्हणूनच.

तरीही त्याच्या जीवनातील एक संध्याकाळ माझा निवाडा अडवून धरते. फेब्रुवारी १६८५ मध्ये राजा मृत्युशय्येवर होता. प्रॉटेस्टंट बिशप उशाशी होते. त्यांच्या हातून अखेरचा संस्कार घेण्याचे राजा टाळत होता. त्याचे मन कॅथलिक पंथाकडे होते, आणि ते उघड होणे म्हणजे राज्यात आग लागणे. तेव्हा राजबंधू जेम्सने दालन रिकामे करविले आणि चिफिंचने मागच्या वाटेने एका वृद्ध धर्मगुरूला वेष पालटून आत आणले. तो जॉन हडल्स्टन. वूस्टरच्या पराभवानंतर १६५१ मध्ये लपत फिरणाऱ्या तरुण चार्ल्सला ज्यांनी आसरा दिला, त्यांपैकी एक. संस्कार झाला आणि दुसऱ्या दिवशी राजाने प्राण सोडला.

ज्या जिन्याने इतकी वर्षे पाप आत आले, त्याच जिन्याने मोक्षही आला. आणि दोघांनाही वाट दाखवणारा हात एकच होता. पहिल्या वेळी त्या हाताला आपण कुंटणपणाचा म्हणतो, दुसऱ्या वेळी निष्ठेचा. चिफिंचला मात्र या दोन कामांत फरक वाटला असेल का? मला वाटते, नसावा. धन्याला हवे ते आणायचे आणि तोंड मिटून ठेवायचे, एवढाच त्याचा धर्म होता. त्या रात्रीचे मौन सुंदर वाटते, म्हणून आदल्या वर्षांचे मौन निर्दोष ठरत नाही.

कारण त्या जिन्याने आणखी काही आत येत होते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईकडून चार्ल्सला गुप्तपणे पैसा मिळे आणि त्याची देवघेव चिफिंचच्या हातून होई. एरवी राजाला पैशासाठी पार्लमेंटपुढे जावे लागे, प्रजेच्या प्रतिनिधींचे प्रश्न ऐकावे लागत. परक्या राजाच्या पैशाने ती गरज कमी झाली. १६८१ नंतर चार्ल्सने मरेपर्यंत पार्लमेंट बोलावलेच नाही. स्त्रियांची ये-जा हा राजाचा खासगी दोष म्हणून सोडून देता येईल. पण हा पैसा खासगी नव्हता. मागचे दार उघडे राहिले म्हणून पुढचे दार बंद ठेवता आले.

एका व्यक्तीवरची निष्ठा हा गुण आहे, असे आपण सहज म्हणतो. चिफिंचकडे पाहताना मला तो गुण अपुरा वाटू लागतो. कोणासाठी दार उघडायचे आणि कोणासाठी नाही, हे ज्याने स्वत:ला कधी विचारले नाही, त्याच्या निष्ठेत आणि कडीकोयंड्यात फारसे अंतर उरत नाही. आणि तरी मरणाऱ्याची शेवटची इच्छा पुरी करणाऱ्या त्या कोयंड्याविषयी माझ्या मनात थोडा ओलावा राहतोच. तो मला नाकारता येत नाही.

१६९८ च्या आगीत व्हाइटहॉलचा बहुतेक भाग जळाला. समारंभांचे मेजवानीगृह आजही उभे आहे. तो जिना मात्र उरला नाही.