धारेचा मसला

मुलानं फोनवर सांगितलं, "अब्बा, यंदा मी धनुष्यबाण घेतोय," तेव्हा मला वाटलं, नातवासाठी खेळणं घेत असेल. म्हटलं, घे बाबा, पण डोळ्याला लागणार नाही असं बघून घे. तो हसला. म्हणाला, "खेळण्यातलं नाही. हरणाच्या शिकारीसाठी. तुम्ही येताय ना, आपण दोघं मिळून निवडू."

मे २०२४मध्ये आम्ही मियाँ-बीवी मिशिगनला त्याच्या घरी पोहोचलो. सहा महिन्यांचा मुक्काम. मुलगा मोटारीच्या धंद्यातला इंजिनियर, डेट्रॉइटच्या आसपास राहतो. जवळच्या डिअरबॉर्नमध्ये अरबांची मोठी वस्ती. हलाल मटणाचं दुकान गाडीनं दहा मिनिटांवर. म्हणजे मांसासाठी जंगलात जावं अशी काही नड नव्हती. मी तेच विचारलं. तो म्हणाला, "अब्बा, इथं कुर्बानीचे पैसेसुद्धा आम्ही फोनवरून भरतो. गोश्त पिशवीतून येतं. मी आयुष्यात एकही जनावर स्वतः जबह केलेलं नाही, आणि खातो मात्र रोज. एकदा तरी स्वतःच्या हातानं करायचंय."

मी गप्प बसलो. गप्प बसण्याचं कारण त्याला ठाऊक नव्हतं. १९६८ सालापासून मी शिकारीच्या मांसाला हात लावलेला नाही. तब्येतीचं निमित्त सांगत आलो, इतकंच.

आमचं गाव मंडणगड तालुक्यात. बडे अब्बांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, परवान्याची ठासणीची बंदूक होती. पीक राखण्यासाठी सरकारनं दिलेली. भात पोटरीला आलं की रात्री रानडुकरं उतरायची, मागोमाग भेकरं, कधी सांबर. डुक्कर पडलं तर ते कुणबीवाड्यात जायचं, भेकर पडलं तर अर्धं आमच्या मोहल्ल्यात, अर्धं हाकाऱ्यांना. वाटे ठरलेले असत, त्यावरून तंटा झालेला मला आठवत नाही. बार उडाला की बडे अब्बा सुरी घेऊन धावत सुटायचे. साठीचा माणूस, पण त्या वेळी त्यांना कुणी गाठू शकत नसे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे. बंदुकीच्या माऱ्यानं जनावर जागीच मेलं तर ते खायचं नाही, जीव असतानाच जबह झालं पाहिजे, असं आमच्याकडचे मौलवी सांगत. म्हणून ती धाव.

त्या वर्षी मी बारा वर्षांचा. हातात कंदील देऊन त्यांनी मला बरोबर नेलं. बांधाच्या पलीकडे भेकर उभं होतं. लांब होतं. बडे अब्बांनी बंदूक खाली केली. मी त्यांच्या सदऱ्याला धरून म्हणालो, "मारा ना, मारा ना." त्यांनी मारलं. दारू पावसाळी हवेनं सर्दावलेली, भरलेले छर्रे बारीक. भेकर कोलमडलं, उठलं, करवंदीच्या जाळीत शिरलं. आम्ही रात्रभर शोधलं. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी ते दाखवलं. बडे अब्बा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढे १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि गावातली शिकार हळूहळू बंद झाली. बंद झाली ते चांगलंच झालं असं माझं मत आहे. (हा लेख वाचून कुणा तरुणाला हुरूप येऊ नये म्हणून सांगतो, आपल्याकडे बंदूक असो की बाण, भेकराला हात लावणं म्हणजे तुरुंग.) मिशिगनची गोष्ट वेगळी. तिथं पांढऱ्या शेपटीची हरणं वीस लाखांच्या घरात आहेत. राज्याच्या खालच्या भागात त्यांना खाणारा लांडगा उरलेला नाही. वर्षाला पन्नास हजारांहून अधिक मोटारी हरणांवर आदळतात. सरकारच परवाने देतं आणि हंगाम ठरवतं: बाणाचा १ ऑक्टोबरपासून, बंदुकीचा १५ नोव्हेंबरपासून. मारलेल्या रानटी हरणाचं मांस विकता मात्र येत नाही. खा किंवा वाटा. हा नियम मला फार आवडला. आणखी एक गंमत. १९६०च्या आरंभानंतर जन्मलेल्याला शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स सक्तीचा आहे, त्याआधीच्याला माफ. माझा जन्म १९५६चा. म्हणजे १९६८ साली मी जे केलं ते धरूनही, कायद्याच्या हिशेबी मी शहाणा!

जूनमध्ये धनुष्याच्या दुकानात गेलो. मला उगाच धास्ती. माझी दाढी, मुलाची दाढी, सूनबाईचा हिजाब, आणि हत्यार विकत घ्यायचंय. २००१ नंतर त्या देशात आपल्या लोकांनी काय काय सोसलं ते आपण वाचलेलं असतं. पण दुकानदार म्हातारबुवांनी ना ओळखपत्र मागितलं, ना नाव विचारलं. बंदुकीसाठी असते तशी चौकशी धनुष्याला लागत नाही म्हणे. त्यांनी फक्त "हात पसरा" म्हटलं. मुलानं दोन्ही हात पसरले, त्यांनी टेप लावली. सत्तर इंच. त्याला अडीचनं भागायचं, आली अठ्ठावीस इंच ओढ. धनुष्य माणसाच्या मापाचं असावं लागतं, शेरवानीसारखं. माप चुकलं की नेम चुकला.

तीन तऱ्हा समोर मांडल्या. एक साधं, टोकं पुढे वळलेलं रिकर्व्ह. दिसायला देखणं, पण त्याचा पूर्ण ताण बोटांवर धरून नेम घ्यावा लागतो, आणि त्याला वर्षांची मेहनत लागते. दुसरं क्रॉसबो, बंदुकीसारखं खांद्याला लावून चाप ओढायचा. नवशिक्याला सोपं. तिसरं कंपाउंड. त्याच्या दोन टोकांना चाकं असतात. मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसाला १९६९मध्ये त्याचं पेटंट मिळालं. ओढताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, मग चाकं फिरली की ताण एकदम उतरतो. पंचावन्न पौंडांच्या धनुष्यात शेवटी हातावर अकराच पौंड राहतात. म्हणजे पंचवीस किलो ओढायचे आणि पाच किलो धरून ठेवायचे. हरीण नीट उभं राहीपर्यंत थांबता येतं. मुलानं ते घेतलं, आणि मला पटलं ते या थांबण्यामुळेच.

पण त्याला सत्तर पौंडांचं हवं होतं. तरुण माणूस! म्हातारबुवांनी त्याला खुर्चीवर बसवलं, पाय उचलायला लावले आणि म्हणाले, "आता ओढा. धनुष्य आभाळाकडे न नेता, सरळ." तो लाल झाला, धनुष्य वर गेलं. म्हातारबुवांनी स्क्रू फिरवत फिरवत पंचावन्नवर आणलं. "ऑक्टोबरच्या थंडीत, दोन तास न हलता बसल्यावर ओढायचंय. आज दुकानात नाही." रिकामी दोरी कधी सोडायची नाही एवढंही बजावलं, धनुष्य फुटतं. मला तो माणूस आवडला. जास्त किमतीचं गळ्यात मारता आलं असतं, त्यानं मारलं नाही.

उन्हाळाभर मुलानं आठवड्यातून तीनदा सराव केला. वीस यार्डांवर, म्हणजे साधारण अठरा मीटरवर, कागदाची ताटली. मी मागे खुर्ची टाकून बसायचो आणि फक्त पहिला बाण मोजायचो. हरीण दुसरा देत नाही.

सप्टेंबरात बाणाच्या टोकांची वेळ आली. खरा मसला इथं होता. सरावाचं टोक गोळीसारखं निमुळतं असतं. शिकारीला ब्रॉडहेड लागतं, म्हणजे वस्तऱ्यासारखी पाती बसवलेलं टोक. मिशिगनच्या नियमानं ते निदान १४/१६ इंच रुंद हवं. त्यात दोन पंथ. एक मिटलेल्या पात्यांचं, लागताक्षणी उघडून दोन इंचांपर्यंत रुंद होणारं. ते सरावाच्या टोकासारखंच सरळ उडतं आणि जखम मोठी करतं. दुसरं पक्क्या पात्यांचं, उघडणं-मिटणं काही नाही. त्याची पाती वाऱ्यात पंखासारखी वागतात, धनुष्य नीट जुळवलेलं नसेल तर बाण भरकटतो.

मुलाचा हात मिटलेल्याकडे गेला. पाकिटावरचं चित्रच तसं होतं. म्हातारबुवा म्हणाले, "उघडायलासुद्धा जोर लागतो, तो बाणाच्या जोरातूनच जातो. सत्तर पौंडवाल्याला परवडतं. तुम्ही पंचावन्नवर आहात, तिरपा लागला आणि बरगडी आडवी आली तर आत जाणार नाही." मला सर्दावलेली दारू आठवली. मी मध्येच मराठीत बोललो, "पक्कंच घे." मुलानं चमकून पाहिलं. महिनाभर मी या विषयावर तोंड उघडलेलं नव्हतं.

घरी येताना त्यानं विचारलं, आणि मी त्याला हजरत अदी बिन हातिम यांची हदीस सांगितली. ते शिकारी होते. फेकून मारायच्या काठीनं केलेल्या शिकारीचं काय, असं त्यांनी पैगंबरसाहेबांना विचारलं होतं. उत्तराचा सारांश असा, की धारेनं छेदलं असेल तर खा. आडव्या माऱ्यानं, वजनानं मेलं असेल तर खाऊ नको. बंदुकीच्या गोळीवर उलेमांमध्ये मतभेद आहेत, तो वाद मी इथं काढत नाही. पण बाण सोडताना अल्लाहचं नाव घेतलेलं असेल आणि पात्यानं छेद केला असेल, तर त्यात कुणाला शंका नाही. जिवंत सापडलं तर मात्र जबह करायलाच हवं. मुलगा म्हणाला, "म्हणजे पातं हीच सुरी." मी म्हटलं, हो, फक्त हात अठरा मीटर लांब आहे. म्हणून धार जास्त लागते.

आम्ही तीन पात्यांची, १०० ग्रेनची टोकं घेतली. १०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅम. एवढ्याशा वस्तूवर सगळं. बाण धक्क्यानं मारत नाही, रक्तस्रावानं मारतो. बोथट पातं नुसतं फाडतं, फाटलेली नस आकसून रक्त धरते, आणि जनावर दूर जाऊन कुजत मरतं. धारदार पात्याचा छेद जनावराला धड कळतही नाही. धार बघायची युक्ती म्हातारबुवांनी दाखवली: ताणलेल्या रबरावर पातं हलकेच टेकवायचं, अडकलं तर बोथट, न बोलता तुटलं तर बरोबर. बडे अब्बा अंगठ्याच्या नखावर बघायचे. सरावाला वापरलेली पाती शिकारीला वापरायची नाहीत हे मी घरात कायद्यासारखं करून टाकलं. तीन टोकांचे चाळीस-पंचेचाळीस डॉलर होतात, मुलगा कुरकुरला. बीवी म्हणाली, "यांना काय झालंय? शिकारीला तोच चाललाय की हे?"

ऑक्टोबरच्या मध्यावर त्याच्या ओळखीच्या एका गोऱ्या शेतकऱ्याच्या रानात गेलो. मका कापून झालेला, कडेला मेपलची झाडं लाल-पिवळी. निघताना मुलानं हात जोडले, "अब्बा, आज अत्तर नको." हरणाचं नाक! आयुष्यात प्रथमच मी बिनअत्तराचा, कापडी आडोशात खुर्चीवर बसलो.

पहिल्या संध्याकाळी एक मादी आली. पस्तीस यार्डांवर, तोंड आमच्याकडे. मुलानं धनुष्य ओढलं, धरलं. आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाला कोरड पडली. मी मान हलवली, नाही. त्यानं दोरी हळूच परत सोडली. समोरून छातीचं हाड आडवं येतं, नेम घ्यायचा तो खांद्यामागे, फुप्फुसावर, जनावर आडवं उभं असताना. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्यानं पाहिलं का, ते मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी, सूर्य मावळायला थोडा वेळ असताना, दुसरी एक मादी सतरा यार्डांवर आडवी उभी राहिली. मुलाचे ओठ हलले, बिस्मिल्लाह मला ऐकू आलं. बाण गेला. मादीनं उडी मारली आणि झाडीत गेली.

लगेच मागे जायचं नाही. अर्धा तास थांबायचं, नाहीतर घायाळ जनावर उठून आणखी पळतं. बडे अब्बांच्या धावेच्या अगदी उलट. त्या अर्ध्या तासात मी मगरिबची नमाज खुर्चीवर बसून पढलो आणि त्यातही माझं लक्ष झाडीकडे होतं, अल्लाह माफ करो. मग मी त्याला करवंदीच्या जाळीची गोष्ट सांगितली. सगळी. 'मारा ना' सकट. तो काही बोलला नाही. घड्याळ बघत राहिला.

बाण आरपार जाऊन मातीत रुतला होता. त्यावर गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त. फुप्फुसाची खूण. पुढे पंचाईत, मेपलच्या पानांवरचे तांबडे ठिपके कुठले आणि रक्त कुठलं कळेना. मुलानं खिशातून पांढरा टिश्यू काढला, पानावर टेकवायचा, लाल झाला की पुढचं पाऊल. बॅटरी माझ्या हातात. छप्पन्न वर्षांनी पुन्हा मीच उजेड धरणारा. साठेक पावलांवर ती पडलेली होती. सुरी काढायची गरज उरली नव्हती.

मुलगा तिच्याजवळ उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही. मी बाणाची पाती पुसून पाहिली. एकाला बारीक दात पडला होता, बाकी दोन तशीच.

कायद्याप्रमाणे तिथल्या तिथं परवान्याची चिठ्ठी बांधली, पोट साफ केलं, घरी आल्यावर सरकारकडे नोंद केली. दुसऱ्या दिवशी सूनबाई पिशव्या भरायला बसली. मी म्हटलं, "आधी शेतकऱ्याचा वाटा काढ." तिनं मोठी रांग काढली. हरणाची चरबी मेणचट लागते, ती सगळी काढून टाकावी लागली. मग तिनं आमच्या पद्धतीचं, भाजक्या खोबऱ्याचं सालन केलं.

बीवीनं सवयीनं माझ्यासाठी डाळ वेगळी ठेवली होती. मी ताट पुढे केलं. तिनं पळी हातात धरून माझ्याकडे पाहिलं, मग दोन फोडी वाढल्या. मांस जरा कोरडं होतं, आणि खोबरं अंमळ जास्त पडलं होतं.